क्यूईएमयूमध्ये स्टॅक आणि हीप नेमके कुठे बसलेत ते तपासणं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर तापमान नोंदवणारा एक छोटा बोर्ड आला. तक्रार एवढीच होती की नोंदींचा आकडा मधूनच वेडावाकडा होतो. आकडा ठेवणारं ग्लोबल व्हेरिएबल अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकाच ठिकाणी वाढत होतं, तेही एकाने. तरी दिवसातून एकदा तो आकडा अब्जांच्या घरात जायचा. शेवटी मी तो हेक्समध्ये पाहिला: ७०६डी६५७४. हे चार बाइट शेवटाकडून सुरुवातीकडे अक्षरं म्हणून वाचले तर टी, ई, एम, पी. स्क्रीनवर दाखवायची ओळ तयार करणाऱ्या एका फंक्शनमधला मजकूर त्या व्हेरिएबलवर येऊन बसला होता. स्टॅक, म्हणजे फंक्शनची तात्पुरती व्हेरिएबल्स ठेवायची जागा, खाली उतरत उतरत ग्लोबल व्हेरिएबल्सच्या हद्दीत घुसला होता, आणि कुठेही एरर आली नव्हती.

तो दोष शोधायला आठ दिवस गेले. एम्युलेटरवर, म्हणजे कंप्युटरवर बोर्डाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, तोच दोष अर्ध्या तासात दिसला असता. म्हणूनच कुणी नवीन माणूस एम्बेडेड कामाला लागला की मी आधी त्याला मेमरीचा नकाशा काढायला आणि तो तपासायला बसवते. तेच इथे पायरी पायरीने लिहिलंय.

कमांड आणि पर्यायांची नावं मी उच्चारानुसार देवनागरीत लिहिलीत, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांतच करायची. पत्ते हेक्समध्ये आहेत आणि त्यांच्या सुरुवातीचं 'शून्य-एक्स' गाळलंय. बाइटची संख्या मात्र साध्या दशमान आकड्यांत आहे.

कुठला बोर्ड आणि का

क्यूईएमयू हा फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये आणलेला एम्युलेटर. तो शेकडो बोर्डांची नक्कल करतो. शिकण्यासाठी मी नेहमी एलएम३एस६९६५ईव्हीबी घेते. त्यात एआरएम कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसर, ० या पत्त्यापासून २५६ केबी फ्लॅश आणि २००००००० पासून ६४ केबी रॅम आहे. ऑपरेटिंग सिस्टीम नाही, व्हर्च्युअल मेमरी नाही. जो पत्ता दिसतो तोच खरा पत्ता. लिनक्सवरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॅक आणि हीप (चालू प्रोग्रॅम मॅलॉक या फंक्शनने मागून घेतो ती जागा) बघायला गेलात तर पत्ते दर वेळी बदलतात, त्यात कर्नल मध्ये असतो. नवख्याचा गोंधळ तिथेच सुरू होतो. ६४ केबीची रॅम मात्र एका पानावर मावते.

उबुंटू किंवा डेबियनवर तीन गोष्टी लागतात: क्यूईएमयू-सिस्टीम-एआरएम, जीसीसी-एआरएम-नन-ईएबीआय हा कंपाइलर (सोबत न्यूलिब ही सी लायब्ररी) आणि जीडीबी-मल्टिआर्च हा डीबगर. तिन्ही एपीटीने मिळतात.

पायरी १: आधी कागदावर

कंप्युटर उघडण्याआधी एक उभा आयत काढा. खालच्या कडेला २०००००००, वरच्या कडेला २००१००००. मधली सगळी जागा ६५५३६ बाइट.

आता वाटणी करा. तळाला डेटा आणि बीएसएस, म्हणजे सुरुवातीची किंमत दिलेली आणि न दिलेली ग्लोबल व्हेरिएबल्स. समजा दोन्ही मिळून ४०९६ बाइट, म्हणजे ती २०००१००० ला संपतील. वरचे ८१९२ बाइट स्टॅकला द्या, म्हणजे स्टॅकची खालची हद्द २०००ई००० वर येते. मधले ५३२४८ बाइट हीपला. बेरीज करून बघा, बरोबर ६५५३६ यायला हवी.

हीप खालून वर वाढतो, स्टॅक वरून खाली. दोघं एकमेकांच्या दिशेने येतात आणि मध्ये भिंत नसते. कॉर्टेक्स-एम३ मध्ये भिंत घालायची सोय फक्त एमपीयू नावाच्या भागात असते, आणि तो तुम्ही चालू केल्याशिवाय काम करत नाही.

हा कागद जपून ठेवा. पुढे जे काही मोजायचंय ते या कागदाशी ताडायचंय. नवखे लोक उलटं करतात: आधी पत्ते छापतात आणि मग त्यांचा अर्थ लावत बसतात. काय यायला हवं हेच ठरवलेलं नसेल तर आलेला आकडा बरोबर की चूक हे कुणाला कळणार?

पायरी २: लिंकर स्क्रिप्ट आणि सुरुवातीचा कोड

कागदावरची वाटणी लिंकर स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कुठला भाग कुठल्या पत्त्यावर ठेवायचा ते लिंकरला सांगणाऱ्या फाइलमध्ये, उतरवायची. मेमरी विभागात फ्लॅश आणि रॅम यांचे आरंभ-पत्ते आणि लांबी. मग टेक्स्ट (प्रोग्रॅमच्या सूचना) फ्लॅशमध्ये, डेटा रॅममध्ये पण त्याची मूळ प्रत फ्लॅशमध्ये, बीएसएस रॅममध्ये. बीएसएसच्या शेवटी 'एंड' नावाचं चिन्ह. स्टॅकच्या दोन्ही हद्दींना स्वतःची नावं द्या. माझ्याकडे ती स्टॅक-लिमिट आणि स्टॅक-टॉप अशी असतात. शेवटी एक असर्ट टाका: एंड हे स्टॅक-लिमिटच्या वर गेलं तर लिंक होऊ नये. ही एक ओळ कितीतरी रात्री वाचवते.

व्हेक्टर टेबल, म्हणजे प्रोसेसरने कुठून सुरुवात करायची ते सांगणारी पत्त्यांची यादी, फ्लॅशच्या अगदी सुरुवातीला हवं. कॉर्टेक्स-एम रीसेट झाला की पहिला शब्द (चार बाइटचा) थेट स्टॅक पॉइंटरमध्ये, म्हणजे एसपीमध्ये, घेतो आणि दुसऱ्या शब्दातल्या पत्त्यावर उडी मारतो. त्या दुसऱ्या पत्त्याचा शेवटचा बिट १ असावा लागतो, कारण हा प्रोसेसर फक्त थंब नावाच्या संचातल्या सूचना चालवतो. फंक्शनचं नाव टेबलमध्ये दिलंत तर लिंकर तो बिट स्वतः लावतो. असेंब्लीत लिहिताना तो विसरलात तर पहिल्याच सूचनेला फॉल्ट येतो, म्हणजे प्रोसेसर चूक पकडून फॉल्ट हँडलरकडे उडी मारतो.

त्या दुसऱ्या पत्त्यावरचा कोड म्हणजे रीसेट हँडलर, तो तीनच कामं करतो: डेटाची प्रत फ्लॅशमधून रॅममध्ये, बीएसएस शून्य, मग मेन. हा कोड स्वतः लिहा. न्यूलिबचा सेमीहोस्टिंगवाला (बोर्डाबाहेरच्या कंप्युटरची मदत घेणारा) तयार कोड, ज्याला आरडीआयमॉन म्हणतात, तो सुरुवातीलाच एम्युलेटरला हीप-स्टॅक कुठे ठेवू असं विचारतो आणि मिळालेल्या उत्तरानुसार एसपी बदलतो. मग लिंकर स्क्रिप्टमध्ये एक, प्रत्यक्षात दुसरंच, आणि नवखा माणूस दिवसभर डोकं धरून बसतो.

कंपाइल करताना प्रोसेसर कॉर्टेक्स-एम३, थंब, डीबग माहिती चालू, तयार स्टार्टफाइल्स बंद. सोबत एफ-स्टॅक-युसेज हा पर्याय द्या. त्याने प्रत्येक सोर्स फाइलमागे एक एसयू फाइल तयार होते, त्यात कुठलं फंक्शन स्टॅकवर किती बाइट घेतं ते लिहिलेलं असतं.

पायरी ३: न चालवता पहिली तपासणी

साइझ कमांडने टेक्स्ट, डेटा, बीएसएस यांचे आकडे बघा. एनएम कमांडने एंड, स्टॅक-लिमिट आणि स्टॅक-टॉप यांचे पत्ते बघा. कागदाशी जुळले तरच पुढे जा.

पायरी ४: थांबलेल्या अवस्थेत चालू करा

क्यूईएमयू-सिस्टीम-एआरएम ही कमांड, डॅश मोठा एम आणि बोर्डाचं नाव, डॅश नोग्राफिक, डॅश कर्नल आणि लिंकरने बनवलेली तुमची ईएलएफ फाइल. मग डॅश मोठा एस आणि डॅश छोटा एस. मोठ्या एसमुळे प्रोसेसर पहिली सूचनाही न चालवता थांबतो, छोट्या एसमुळे १२३४ या पोर्टवर जीडीबीसाठी दार उघडतं. (नोग्राफिकमधून बाहेर पडायचं असेल तर कंट्रोल-ए दाबून सोडा आणि एक्स दाबा. पहिल्या दिवशी सगळे इथेच अडकतात.)

दुसऱ्या टर्मिनलमध्ये त्याच ईएलएफ फाइलसह जीडीबी-मल्टिआर्च उघडा आणि टार्गेट रिमोट, कोलन, १२३४ असं म्हणा.

पहिला प्रश्न: बोर्डावर रॅम खरंच कुठे आहे? मॉनिटर इन्फो एमट्री असं टाइप केलं की क्यूईएमयू आपली सगळी मेमरी-रचना छापतो. त्यात स्टेलारिस एसरॅम नावाची ओळ २००००००० पासून २०००एफएफएफएफ पर्यंत दिसेल. स्टेलारिस हे या चिपच्या मालिकेचं नाव. ल्युमिनरी मायक्रोने ती काढली होती आणि २००९ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने ती कंपनी घेतली.

दुसरा प्रश्न: एसपी किती? इन्फो रजिस्टर्स एसपी. उत्तर २००१०००० यायला हवं. इथे बहुतेक जण दचकतात, कारण हा पत्ता रॅमच्या बाहेरचा आहे. रॅमचा शेवटचा बाइट २०००एफएफएफएफ, मग एसपी त्याच्या पुढे कसा? एआरएमचा स्टॅक आधी चार बाइट खाली सरकतो आणि मग लिहितो. पहिला शब्द २०००एफएफएफसी वर पडतो, २००१०००० वर कधीच काही लिहिलं जात नाही. एसपी चार कमी ठेवून कुणी 'दुरुस्ती' करायला गेलं तर मात्र पंचाईत होते, कारण फंक्शन कॉलच्या वेळी एसपी आठच्या पटीत असावा हा एआरएमचा नियम मोडतो.

पायरी ५: रॅममध्ये कचरा भरा

ही पायरी सगळ्यांत जास्त वगळली जाते आणि माझ्या मते हीच सगळ्यांत महत्त्वाची.

क्यूईएमयूची रॅम सुरुवातीला शून्यांनी भरलेली असते. खऱ्या बोर्डावर वीज दिल्यावर एसरॅममध्ये काहीही असू शकतं. म्हणजे तुमच्या रीसेट हँडलरने बीएसएस शून्य करायचं राहून गेलं असेल, तरी एम्युलेटरवर सगळं सुरळीत चालतं. खऱ्या बोर्डावर मात्र कोसळतं. मग लोक म्हणतात एम्युलेटरवर भरवसा नको. भरवसा ठेवता येतो, फक्त ही शून्यं आधी पुसावी लागतात.

सोपा मार्ग असा. प्रोसेसर अजून थांबलेला आहे, एकही सूचना चाललेली नाही, त्यामुळे रॅममध्ये कुठेही लिहिलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. जीडीबीमध्ये एक व्हेरिएबल २००००००० वर ठेवा आणि व्हाइल लूपने दर चार बाइटवर ए५ए५ए५ए५ लिहीत २००१०००० पर्यंत जा. एकूण १६३८४ शब्द होतात, थोडा वेळ लागतो. वारंवार करायचं असेल तर ६५५३६ बाइटची एक फाइल बनवून ठेवा आणि क्यूईएमयूला लोडर डिव्हाइसच्या पर्यायाने ती २००००००० वर भरायला सांगा. प्रोसेसर सुरू होण्याआधीच रॅम भरलेली मिळते.

ए५च का? हा बाइट फ्रीआरटीओएस ही छोट्या बोर्डांची ऑपरेटिंग सिस्टीमसुद्धा टास्कच्या स्टॅकमध्ये भरायला वापरते, त्यामुळे डंपमध्ये तो दिसला की अनुभवी माणसाची नजर लगेच ओळखते. शून्य किंवा सगळे एफ वापरू नका, खऱ्या डेटात ते फार वेळा येतात.

आता मेनवर ब्रेकपॉइंट (थांबायची खूण) लावून कंटिन्यू करा. मेनला थांबल्यावर बीएसएसमधली व्हेरिएबल्स शून्य दिसायला हवीत, डेटामधली आपापल्या किमतीसह. कुठे ए५ए५ए५ए५ शिल्लक दिसलं तर रीसेट हँडलर अर्धवट आहे.

पायरी ६: प्रत्येक गोष्ट आपल्या जागी आहे का

चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये एकेक नमुना ठेवा: किंमत दिलेलं एक ग्लोबल, न दिलेलं एक, फंक्शनच्या आतलं एक स्टॅटिक, एक कॉन्स्ट, एक साधं लोकल आणि मॅलॉकने घेतलेला एक तुकडा. जीडीबीमध्ये प्रिंट अँपरसँड आणि नाव असं करून पत्ते बघा. कॉन्स्ट फ्लॅशमध्ये, म्हणजे ४०००० च्या खाली. दोन्ही ग्लोबल आणि ते स्टॅटिक २०००१००० च्या खाली. लोकल २०००ई००० च्या वर. मॅलॉकचा तुकडा मधल्या पट्ट्यात. फंक्शनच्या आत लिहिलेलं स्टॅटिक स्टॅकवर नसतं हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण पत्ता डोळ्यांनी पाहिल्यावर ते कायमचं पक्कं होतं.

पत्ते बघायला प्रिंटएफ वापरू नका. न्यूलिबचं प्रिंटएफ पहिल्यांदा चाललं की छपाईच्या बफरसाठी स्वतःच मॅलॉक करतं, शिवाय स्टॅकही बराच खातं. मोजायला गेलो आणि मोजपट्टीनेच माप बदललं, असं होतं. जीडीबी बाहेरून बघतो, तो आपल्या प्रोग्रॅमच्या रॅमला हात लावत नाही.

पायरी ७: स्टॅकची पूररेषा

पूर ओसरल्यावर भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं त्याची रेष राहते. भरलेल्या ए५मुळे स्टॅकमध्येही तशीच रेष राहते. प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या कामांतून फिरवून आणा: सगळे मेन्यू, सगळे कमांड, चुकीचा इनपुटसुद्धा. मग थांबवा आणि २०००ई००० पासून वर चढत पहिला बदललेला शब्द शोधा.

जीडीबीत एक्स, स्लॅश, ६४एक्सडब्ल्यू आणि पत्ता असं दिलं की चौसष्ट शब्द दिसतात. ए५ए५ए५ए५च्या रांगाच्या रांगा जातात, आणि एका ओळीत अचानक वेगळे आकडे सुरू होतात. समजा तो पत्ता २०००एफ४०० आहे. मग वापर झाला ३०७२ बाइट, ८१९२ पैकी.

खालून वर चढायचं, वरून खाली उतरायचं नाही, आणि त्याला कारण आहे. एखाद्या फंक्शनने २०४८ बाइटचा अॅरे घेतला आणि त्यातले पहिलेच ६० बाइट वापरले, तर अॅरेचा वरचा भाग अस्पर्श राहतो, कारण अॅरेचा शून्यावा घटक सगळ्यांत खालच्या पत्त्यावर असतो. वरून बघणाऱ्याला मध्येच ए५ची मोठी पट्टी दिसते आणि वाटतं, स्टॅक इथेच संपला.

खालून बघणाराही एका ठिकाणी फसू शकतो. असाच मोठा अॅरे नेमका हद्दीवर आडवा पडला, त्याची सुरुवात हीपमध्ये गेली आणि २०००ई००० च्या वरचा थोडा भाग न लिहिलेला राहिला, तर रेष निर्धोक दिसते. प्रत्यक्षात स्टॅक हद्द ओलांडून गेलेला असतो. त्यामुळे एसयू फायलींमध्ये ज्या फंक्शनचा आकडा मोठा दिसतो, त्यांच्या आत ब्रेकपॉइंट लावून अट द्या: एसपी २०००ई००० पेक्षा कमी असेल तरच थांब. माझ्या त्या तापमानाच्या बोर्डावर असंच झालं होतं. ओळ तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये १०२४ बाइटचा लोकल अॅरे होता, तो एका खोल कॉलच्या शेवटी येत होता, आणि त्या प्रोग्रॅममध्ये हीपच नसल्यामुळे खाली थेट बीएसएस होता.

मुद्दाम ओव्हरफ्लो करूनही बघा. स्वतःलाच बोलावणारं एक फंक्शन लिहा, आत व्होलाटाइल अशा ६४ बाइटच्या अॅरेत काहीतरी लिहा, आणि परतीनंतर त्या अॅरेचा उपयोग करा. नाहीतर ऑप्टिमायझेशन चालू असताना कंपाइलर त्याचा साधा लूप करून टाकतो आणि स्टॅक हलतच नाही. दोन लागोपाठच्या फेऱ्यांतल्या एसपींची वजाबाकी म्हणजे एका फ्रेमचा, एका कॉलला लागणाऱ्या स्टॅकच्या तुकड्याचा, आकार. मला एकदा ऑप्टिमायझेशनशिवाय ८८ बाइट मिळाले होते, म्हणजे ८१९२ बाइट ९३ फेऱ्यांतच संपणार. तोच कोड ओ२ या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर कंपाइल केला की आकडा बदलतो. त्यामुळे मोजमाप त्याच बिल्डवर करा जे बोर्डावर जाणार आहे.

पायरी ८: हद्दीवर पहारा

वॉच कमांडने २०००ई००० या शब्दावर वॉचपॉइंट लावा आणि चालू करा. ज्या क्षणी ती किंमत बदलेल त्या क्षणी प्रोग्रॅम थांबेल. बीटी केलं की कॉलची अख्खी साखळी समोर. इथे मजा अशी की त्या शब्दावर कुणीही लिहिलं तरी तो पकडला जातो: वरून आलेला स्टॅक असो वा खालून आलेला हीप. वॉच किंमत बदलल्यावरच थांबतं, म्हणून आधी ए५ भरलेलं असणं इथेही कामाला येतं. खऱ्या कॉर्टेक्स-एम३ मध्ये असे मोजकेच वॉचपॉइंट मिळतात. एम्युलेटरवर हात सैल सोडता येतो.

पायरी ९: हीप

मॅलॉकला जागा लागली की ते एसबीआरके नावाच्या फंक्शनकडे मागतं. ते फंक्शन तुम्ही दिलं नाहीत आणि न्यूलिबसोबतची नोसिस लायब्ररी जोडलीत, तर तिच्यातलं एसबीआरके एंडपासून सुरुवात करून मागेल तेवढं देत सुटतं. हद्द तपासत नाही. हीप स्टॅकमधून आरपार गेला तरी मॅलॉक आनंदाने पत्ता देत राहतं.

म्हणून स्वतःचं एसबीआरके लिहा. नवीन शेवट स्टॅक-लिमिटच्या वर जात असेल तर एररनोमध्ये ईनोमेम (जागा संपल्याचा कोड) ठेवून उणे एक परत करा. सात-आठ ओळींचं काम आहे.

त्यावर ब्रेकपॉइंट लावा आणि मॅलॉकला १० बाइट मागा. किती मागणी येते ते बघा. न्यूलिबचं पूर्ण मॅलॉक ४०९६ च्या हिशोबाने मोठे घास घेतं, नॅनो आवृत्ती गरजेपुरतंच मागते. ६४ केबीच्या रॅममध्ये हा फरक खूप मोठा आहे. मग लागोपाठ १० बाइटचे पाच-सहा तुकडे घ्या आणि पत्त्यांची वजाबाकी करा. अंतर १० येणार नाही, जास्त येईल. प्रत्येक तुकड्यामागे मॅलॉकची स्वतःची नोंद असते आणि पत्ता आठच्या पटीत ठेवावा लागतो. तुमच्या लायब्ररीत नेमकं किती येतं ते वहीत लिहून ठेवा.

पुढची चाचणी: नल मिळेपर्यंत मागत राहा. शेवटच्या यशस्वी तुकड्याचा पत्ता अधिक लांबी २०००ई००० च्या आत हवी, आणि त्या शब्दावरचा पहारा हललेला नसावा. मग ६४-६४ बाइटच्या तुकड्यांनी हीप भरून एक सोडून एक मोकळा करा, आणि २०० बाइट मागा. हजारो बाइट मोकळे असूनही नल मिळेल. तुकडेबाजी म्हणजे काय हे समजवायला यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक मला सापडलेलं नाही.

पायरी १०: नकाशा उलटा करून बघा

आत्तापर्यंत हद्द मोडली की आपण शोधून काढत होतो. आता अशी मांडणी करू की हद्द मोडली की प्रोसेसर स्वतःच ओरडेल. लिंकर स्क्रिप्टमध्ये स्टॅक तळाला आणा: २००००००० ते २०००२०००. त्यावर डेटा-बीएसएस २०००३००० पर्यंत, आणि वर उरलेला सगळा हीप. हीपचा आकार तोच, ५३२४८ बाइट. एसपीची सुरुवातीची किंमत आता २०००२०००. एसबीआरकेमधली हद्दही बदला: ती आता रॅमचा शेवट, म्हणजे २००१००००.

आता मघाचं स्वतःला बोलावणारं फंक्शन चालवा. स्टॅक २०००००००च्या खाली गेला की तिथे मेमरीच नाही. बसफॉल्ट (नसलेल्या पत्त्यावर गेल्याचा फॉल्ट) येतो आणि तो वेगळा चालू केलेला नसल्यामुळे हार्डफॉल्ट या वरच्या पातळीच्या फॉल्टमध्ये चढतो. हार्डफॉल्ट हँडलरवर ब्रेकपॉइंट असेल तर तिथे थांबाल आणि एसपी २०००००००च्या खाली दिसेल. ई०००ईडी२सी या पत्त्यावरच्या रजिस्टरचा ३० वा बिट १ दिसला की फॉल्ट वरच्या पातळीला ढकलला गेला हे पक्कं. रस्ट भाषेत काम करणारे हीच मांडणी फ्लिप-लिंक नावाच्या साधनाने करतात.

एक काळजी घ्या. हँडलर सी भाषेत लिहिलात तर तो सुरुवातीलाच त्या मोडलेल्या स्टॅकवर काहीतरी ठेवायला जातो आणि फॉल्टमध्ये दुसरा फॉल्ट होतो. क्यूईएमयू तेव्हा 'लॉकअप' असा शब्द असलेला संदेश देऊन बंद पडतो. हँडलरची पहिली सूचना एसपीला चांगल्या पत्त्यावर आणणारी, असेंब्लीतली, असू द्या.

मी नवीन कामात शक्य तिथे हीच उलटी मांडणी ठेवते. गुपचूप डेटा बिघडवणाऱ्या स्टॅकपेक्षा दणकन थांबणारा बोर्ड शंभर पटींनी बरा.

पायरी ११: रोज आपोआप

वरच्या सगळ्या जीडीबी कमांड एका फाइलमध्ये लिहा: जोडणी, भरणं, चाचणी संपल्यावर बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट, कंटिन्यू, पूररेषा मोजणारा लूप. वापर ठरलेल्या आकड्यावर गेला तर क्विट १, नाहीतर क्विट ०. त्याआधी किल द्या म्हणजे क्यूईएमयूही बंद होतो. जीडीबी बॅच पर्यायाने चालवा आणि बाहेरून टाइमआउट लावा, कारण अडकलेला प्रोग्रॅम स्वतःहून थांबत नाही. माझा ठरलेला आकडा स्टॅकच्या ७० टक्के असतो.

उरलेले ३० टक्के कशासाठी, हे नवख्यांना पटवून द्यावं लागतं. क्यूईएमयू सूचना बरोबर चालवतो, पण वेळ खऱ्या चिपसारखी मोजत नाही. खऱ्या बोर्डावर टायमर, सिरियल पोर्ट आणि एडीसी (व्होल्टेज मोजून आकडा देणारा भाग) यांचे इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणारे इशारे, एकात एक येऊ शकतात. एम्युलेटरवर तो योग कदाचित कधीच जुळून येणार नाही. प्रत्येक इंटरप्टला प्रोसेसर स्वतः आठ शब्द, म्हणजे ३२ बाइट, स्टॅकवर ठेवतो, जुळवणीसाठी लागले तर आणखी चार. त्यावर हँडलरचा आपला खर्च. तुमच्याकडे प्राधान्याच्या किती पातळ्या आहेत ते मोजा, प्रत्येक पातळीवरचा सगळ्यांत खादाड हँडलर एसयू फाइलमधून काढा, ही सगळी बेरीज पूररेषेवर टाका आणि मगच ७० टक्क्यांशी ताडून बघा. तीन पातळ्या असतील तर नुसते प्रोसेसरचेच १०८ बाइट धरावे लागतात.

हा आकडा आणि पूररेषेचा आकडा त्या पहिल्या कागदावर, स्टॅकच्या पट्ट्यात, तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणी फंक्शनमध्ये एखादा मोठा अॅरे टाकला की त्याच कागदावर खाली दुसरी ओळ येईल.